सांकेतिक भाषेच्या प्रबंधातली संमती

संपादक महोदय,

सांकेतिक भाषांवर पदव्युत्तर प्रबंध करू पाहणारे विद्यार्थी हल्ली माझा सल्ला घेतात. मी जन्मतः कर्णबधिर, भाषाविज्ञानात संशोधन करते. बहुतेकांचे आराखडे छापील संमतिपत्राने सुरू होतात. जिची पहिली भाषा हातांची आहे, तिला कागदावर सही करायला लावणे ही माहितीपूर्ण संमती नव्हे. प्रकल्प सांकेतिक भाषेतच समजावून सांगा, होकारही व्हिडिओवर घ्या.

खरी गोची पुढे आहे. ध्वनिमुद्रणात नाव लपवता येते. इथे चेहरा पुसता येत नाही, कारण भुवया, ओठ, मान हे व्याकरणच आहे. चेहरा धूसर केला की वाक्य प्रश्न होते की विधान, तेच कळेनासे होते. म्हणून चित्रण कोण पाहणार, किती वर्षे ठेवणार, परिषदेत दाखवणार का, याची परवानगी वेगवेगळी मागा.

बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या पालकांच्या पोटी जन्मतात; घरात सांकेतिक भाषा नसल्याने अनेक जण ती उशिरा शिकतात. त्यामुळे सहभागी व्यक्ती सांकेतिक भाषा कोणत्या वयात शिकली, ही नोंद हवीच. समोर ऐकणारा मुलाखतकार असला की अनेक जण बोलभाषेच्या शब्दक्रमाकडे झुकतात (मीही झुकते!). तिथे कर्णबधिर सहकारी बसवा, त्याला मानधन आणि श्रेय द्या. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांच्या १९६५च्या अमेरिकी सांकेतिक भाषेच्या कोशावर डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहलेखकांची नावे आहेत.

विषय मात्र छोटा घ्या. ‘एलान’ या व्हिडिओवर टिपणे करण्याच्या संगणक-प्रणालीत एका मिनिटाच्या चित्रणाची नोंद करायला कित्येक तास जातात.

– एक संशोधिका