लाखभर हिट्स

प्रिय सुध्या,

किती महिने पत्र नाही, तू शिव्या देऊन मोकळा झाला असशील. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. लिहितोय ते आपल्या वाचनालयाच्या साइटपायी. घरात विषय काढला की 'बरं' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात.

होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या भाड्याच्या जागेचं, वर्ष संपत आलंय. नानांनी सभेत विचारलं, 'बघतं का हो कुणी ते?' मी होस्टिंगच्या पॅनेलमधलं वेबलायझर (साइटची आकडेवारी काढणारं) उघडलं, तर महिन्याच्या हिट्स लाखाच्या घरात! नाना तेवढ्यावर अहवालात 'लाखभर वाचक' छापायला निघाले. अरे, हिट म्हणजे सर्व्हरकडे मागितलेली एकेक फाइल, वाचक नव्हे; हस्तलिखिताचं तीस स्कॅनवालं पान कुणी एकदा उघडलं की एकतीस हिट्स, स्टाइलशीट आणि फेविकॉन वर वेगळे. शेवटी कच्चा अ‍ॅक्सेस लॉगच (सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद) उतरवून घेतला.

त्यात गर्दी कुणाची? गूगलबॉट, बिंगबॉट, एआयवाल्यांचा जीपीटीबॉट, म्हणजे साइटी आपोआप चाळणारे प्रोग्राम. ही सभ्य मंडळी, निदान रोबोट्स डॉट टीएक्सटी (बॉटनी काय चाळू नये ते सांगणारी फाइल) तरी वाचतात. बाकीचे भुरटे वर्डप्रेसचं लॉगिन पान, डब्ल्यूपी-लॉगिन, मागत येतात आणि 404 ('पान सापडलं नाही') खाऊन परत जातात. वर्डप्रेस आहेच कुठे? तू नोटपॅडात हाताने लिहिलेलं एचटीएमएल ते! काहीजण गूगलबॉटचं नाव लावून येतात, रिव्हर्स डीएनएस काढलं (इंटरनेटवरच्या आयपी पत्त्यावरून नाव शोधलं) की भलताच सर्व्हर निघतो. (पहिल्या पानावरचा काउंटर तू 5000 पासून सुरू केला होतास, 'रिकामं दुकान बरं दिसत नाही' म्हणून. त्यावरून झालेलं भांडण माझ्याकडून अजून मिटलेलं नाही.)

हे सगळं गाळलं की थोडी माणसं उरतात. त्यांची चाल कळते: आधी पान, लगोलग त्यातली चित्रं, मग वाचायला लागेल तेवढा वेळ काहीच नाही. असा एक सापडला. लॉगमध्ये 16:40, यूटीसी. म्हणजे आपले रात्रीचे दहा वाजून दहा. मोबाइल, गूगलवरून आलेला. काय शोधत आला ते गूगल हल्ली कळू देत नाही. आप्पांचा दुष्काळावरचा लेख उघडला, बऱ्याच वेळाने पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. नानांना दाखवलं तर म्हणाले, 'एकच?' एक नाही हो, पण नेमके किती ते लॉगही सांगत नाही. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे कितीतरी फोन बसवतात, आणि तोच माणूस घरच्या वायफायवरून आला की दुसरा दिसतो.

शकू म्हणते गप्प बस, साइट तर वाचेल. पण नाना तो आकडा उद्या आमदारांपुढे नाचवतील, आणि कुणी जाणकाराने विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल. मी बॉट गाळून फक्त उघडलेल्या लेखांचा आकडा देणार. तो बघून नाना साइटच बंद करा म्हणतील, म्हणून तू त्यांना फोन कर. पुण्याला गेलेल्याचं इथे सगळे ऐकतात.

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? चिन्मयची बदली कळली, बरं झालं. फोन मात्र सभेच्या आधी कर, नंतर नको.

तुझा,
विन्या