रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थायरॉईडची गोळी बंद करू नका

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थायरॉईडवरचे घरगुती उपाय छापून आले, धण्याचं पाणी प्या, कोबी-फ्लॉवर बंद करा वगैरे. माझं मेडिकलचं दुकान आहे. पुरवणीत काही आलं की त्याचे पडसाद काउंटरवर उमटतातच, यावेळी एक ताई येऊन म्हणाल्या, आता गोळ्यांची बाटली नको, धण्याचं पाणी सुरू केलंय आणि तसाही मागचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. अहो पण तो नॉर्मल आलाय तो गोळीमुळेच ना! म्हणून हे पत्र.

हायपोथायरॉईडमध्ये, म्हणजे थायरॉईड कमी काम करतो तेव्हा, जी गोळी देतात ती थायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातली ग्रंथी जे हार्मोन बनवायची तेच बाहेरून द्यायचं. आपल्याकडे बऱ्याच जणांना हा त्रास हाशिमोटोमुळे असतो, १९१२ साली त्या नावाच्या जपानी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा लिहून ठेवला, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. गेलेली ग्रंथी धण्याच्या पाण्याने परत येत नाही आणि शिजवलेला कोबी बेताने खाल्ला तर काही बिघडत नाही. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड वेगळा, त्यासाठी सरकारने १९६२ पासून कार्यक्रम राबवला आणि मिठात आयोडीन आलं. आता मात्र घरोघरी नुसतं सैंधव वापरायची फॅशन आलीय, त्यात पुरेसं आयोडीन नसतं हे कुणी सांगत नाही.

खरा घोळ गोळी घेण्याच्या वेळेत आहे. पन्नाशीच्या बाई येतात, चिठ्ठीवर थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आणि लोहाची गोळी, तिन्ही एकाच पिशवीत घालून देताना विचारतात सकाळी चहाबरोबर एकदमच घेतल्या तर चालतील ना. नाही चालत. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम-लोह चार तासांनी. एकत्र घेतली तर गोळी नीट शोषलीच जात नाही, रक्ताच्या टेस्टमधला टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) चढाच राहतो, डॉक्टर ५० मायक्रोग्रॅमची ७५ करतात, ७५ ची १०० करतात आणि पेशंट म्हणतो गोळी लागूच पडत नाही! बाटली गॅसच्या ओट्यावरही ठेवू नका, उष्णतेने आणि दमटपणाने गोळीचा जोर कमी होतो.

टीएसएच १२ आला की लोक म्हणतात थायरॉईड वाढला. असतं बरोबर उलटं. टीएसएच मेंदूखालच्या पिट्युटरीतून येतो, थायरॉईड कमी काम करायला लागला की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. डोस बदलल्यावर तो स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत परत टेस्ट करून पैसे घालवू नका. अजून एक, थायरॉईड कमी असला की केस गळतात, मग बाई बायोटिनच्या गोळ्या घेतात आणि त्या बायोटिनमुळे काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटाच कमी दिसतो, मग डोस उगाच कमी होतो. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.

हायपर म्हणजे दुसरं टोक, थायरॉईड जास्त काम करतो, वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम येतो. यात कार्बिमॅझोल देतात आणि ती घेणारा माणूस ताप आणि घसादुखी घेऊन आला की मला धडकीच भरते, कारण क्वचित या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. अशा वेळी माझ्याकडे अँटिबायोटिक मागू नका, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करा. आणि वजन उतरवायला जावेची थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्याही आहेत बरं का! हायपोथायरॉईडने वाढणारं वजन बहुतेकांचं चार-पाच किलोच्या आतलंच असतं, बाकीचं आपलं खाणं, आणि नसत्या गोळीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दिवस गेल्यावर गोळ्या उष्ण पडतील म्हणून थायरॉईडची गोळी बंद करणाऱ्या मुलींची. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं थायरॉक्सिन जवळपास सगळं आईकडूनच येतं, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर असते, त्यामुळे डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली की सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आणि बाळंतपणानंतर घरी जायच्या आधी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच बघितला का हेही विचारा, जन्मतःच कमी असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालेलं बरं. पुरवणीत पुढच्या वेळी एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडून, यावरच लिहून घ्या, पानभर नको, चौकटीत मावेल एवढं पुरे.

- एक औषधविक्रेता, चिपळूण