खुलं पत्र: मंत्रीसाहेब, पाठीवरच्या सॅकचं माप एकदाचं ठरवून टाका

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

साहेब, सप्रेम नमस्कार.

सांगलीत हरभट रोडजवळ माझं बॅगांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. शाळेची दप्तरं, लग्नातल्या सुटकेसी, रेल्वेच्या प्रवासाच्या ढोल बॅगा, ह्यावर आमचं घर चाललं. आता मात्र दुकानात येणारं गिऱ्हाईक सॅक हातात घेतं, दोनचार चेनी उघडून बघतं आणि पहिला प्रश्न टाकतं, "ही विमानात वर न्यायला चालंल का ओ?" आणि इतकी वर्षं ह्या धंद्यात असूनसुद्धा मला त्याला छातीठोकपणे हो म्हणता येत नाही. कारण कुठल्या विमानानं जाणार, कुठलं तिकीट, मधे विमान बदलायचंय का, परदेशात जाणार का, हे सगळं विचारल्याशिवाय उत्तरच नाही. तुम्ही पुण्याचे, मराठी माणूस, सहकार खातं पण तुमच्याकडंच आहे म्हणजे आमच्या सांगलीशी तुमचा तसा दोन्हीकडून संबंध, म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं.

सांगलीतनं विमानानं जातंय कोण असं काही लोकांना वाटतं. अहो, विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली माणसं, सोन्याचांदीची आटणी करणारी, केरळापासून आसामपर्यंत पसरल्यात, पूर्वी दोन दोन दिवस रेल्वेनं यायची ती आता जत्रेला, लग्नाला विमानानं येतात, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला उतरतात. शिवाय बंगळूर हैदराबादला नोकरीवाली पोरं. ही माणसं दोनतीन दिवसांसाठी येतात, त्यांना बेल्टवर बॅगेची वाट बघत उभं राहायचं नसतं आणि एकच सॅक पाठीवर मारून पुढं एसटी धरायची असते. आणि नुसती हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याला स्वस्त तिकीट द्यायची मोकळीक कंपन्यांना डीजीसीएनंच, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयानंच, 2021 मध्ये दिली, म्हणजे असा प्रवासी वाढावा ही सरकारचीच इच्छा. मग त्यानं कुठली बॅग घ्यायची हे पण सरकारनंच नीट सांगायला पाहिजे की नको?

आता माप बघा. देशात साधारण सगळीकडं 7 किलो आणि लांबी रुंदी जाडी मिळून 115 सेंटिमीटर असं धरतात. ऐकायला सोपं. पण आकासा ह्या विमान कंपनीचं माप आहे 55 बाय 35 बाय 25, एअर इंडियाचं 55 बाय 40 बाय 20. बेरीज करा, दोन्हीची 115 च येते! पण बॅग घालून बघायचा एक साचा विमान कंपन्या ठेवतात, पहिल्या मापाची सॅक दुसऱ्या साच्यात जाडीला 5 सेंटिमीटरनं अडकणार आणि दुसऱ्या मापाची पहिल्यात रुंदीला अडकणार. म्हणजे गिऱ्हाईक जाताना एका कंपनीनं आणि येताना दुसऱ्या कंपनीनं गेलं तर त्यानं 55 बाय 35 बाय 20 च घ्यावी, दोन्हीकडं बसणारं माप तेवढंच. त्यात लिटर किती बसतात? हिशेबानं 38 आणि अर्धा, ते पण सॅक पेटीसारखी चौकोनी धरली तर. सॅकला खांदे गोल असतात, पाठीला फोम असतो, अस्तर असतं, प्रत्यक्षात त्याहून कमीच भरतं.

आणि बाजारात सॅक विकली जाते कशावर? लिटरवर. "40 लिटर केबिन साईज" असं मोठ्या अक्षरात, सेंटिमीटर कुठंतरी आत बारीक, आणि रिकाम्या सॅकचं वजन तर बऱ्याच टॅगवर नसतंच. 40 लिटरची एक सॅक उंच आणि सडपातळ असते, दुसरी बुटकी आणि पोट सुटलेली, लिटर तेच. सॅक बनवणारी कंपनी मोजते ती रिकामी, आपण नेतो ती ठासून भरलेली, वर पुढच्या कप्प्यात चार्जर, चपला, पाण्याची बाटली.

आमच्या एका गिऱ्हाईकाच्या पोराचं असंच झालं. सॅक ऑनलाइन मागवलेली, नाव नाही घेत कुणाचं. विमानात बसायच्या दारापाशी त्याला सॅक त्या लोखंडी साच्यात घालायला लावली. खालची बाजू गेली, वरची पण गेली, पुढच्या कप्प्यात कोंबलेल्या जर्किनचा फुगवटा तेवढा कडेला अडला. त्यानं जर्किन काढून अंगावर घातलं, पोटानं दाबली, तरी बोटभर राहिली. मागं लाईन, माणसं बघतायत. शेवटी पैसे भरले, आणि भरलेले पैसे सॅकच्या किमतीच्या जवळपास. आता ते पोरगं सॅक घेऊन माझ्या दुकानात आलं, "काका ह्यात काय करता येतंय का बघा." काय करणार? पुढचा कप्पा उसवून सपाट करून दिला. कारागिराला काम मिळालं म्हणून खूश व्हायचं का मी?

वजनाचं तर त्याहून अवघड. आमच्या काउंटरवर एक हुकाचा काटा लटकवलाय, गिऱ्हाईकापुढं रिकामी सॅक टांगतो. ट्रेकिंगवाली, जाड कमरपट्टा आणि आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेली सॅक दीड पावणेदोन किलो सहज भरते. लॅपटॉप आणि त्याची वीट, म्हणजे चार्जर, धरून दोन किलो. राहिले साडेतीनच्या आसपास, त्यात कपडे, साबण-कंगवा, आणि आईनं दिलेलं. चाकाची ट्रॉली घेतली तर चाकं, दांडी आणि कवच मिळून अडीच किलो तिथंच गेले, म्हणून 7 किलोच्या नियमात मी ट्रॉली कुणाला गळ्यात मारत नाही, कमिशन जास्त असलं तरी. कमरपट्ट्याचा पण आग्रह नको, 7 किलोला तो लागतच नाही, हरिश्चंद्रगड चढायचा असेल तर गोष्ट वेगळी. सुटकेससारखी पूर्ण उघडणारी चेन, लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून, दोन्ही कडेला आवळायचे पट्टे, आणि खांद्याचे पट्टे आत लपवता आले तर उत्तम. रंग तुमच्या आवडीचा.

आमच्याकडचा भडंग ह्या बाबतीत गरीब माणूस, जागा खातो पण वजन नाही. बेदाणा उलटा, मूठभर दिसतो आणि काट्यावर कळतं. तासगावचा दोन किलो बेदाणा घेतला की कपड्यांचा विषय संपला.

बरं, हे सगळं सांभाळून माणूस कोल्हापूरला उजळाईवाडीला गेला तरी एक फाटा आहेच. तिथं पंख्याची छोटी एटीआर विमानं पण येतात, त्यांचे वरचे कप्पे लहान, मापात बसणारी सॅक पण कधी कधी शिडीपाशी काढून घेतात आणि विमानाच्या पोटात टाकतात. जागाच नाही तर ते तरी काय करणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण पॉवर बँक पोटात टाकायची नसते, लिथियमची बॅटरी असल्यामुळं ती प्रवाशाजवळच पाहिजे हा नियम आहे, आणि ऐन शिडीपाशी वाऱ्यात माणसं सॅक जमिनीवर उलटी करून पॉवर बँक शोधत बसतात. म्हणून मी गिऱ्हाईकाला सांगतो, पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं वरच्या छोट्या कप्प्यात, एका चेनीत हाताला लागली पाहिजेत. हे मी दुकानात सांगतो, तुमच्या तिकिटावर का छापलेलं नसतं? "ह्या विमानात कप्पे लहान आहेत, सॅक खाली घेतली जाऊ शकते" एवढी एक ओळ.

आता तुम्ही म्हणाल कंपन्या खाजगी आहेत, सरकार कुठं कुठं लक्ष घालणार. घातलंय की लोकांनी! युरोपच्या न्यायालयानं 2014 मध्येच सांगितलं की वाजवी वजन-मापाची हातातली बॅग ही प्रवासातली गरजेचीच गोष्ट आहे, तिचे वेगळे पैसे लावू नका. स्पेन सरकारनं 2024 मध्ये पाच स्वस्तातल्या विमान कंपन्यांना मिळून 17.9 कोटी युरोचा दंड केला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे घेणं हा एक मुद्दा होता. 2025 मध्ये तिकडच्या कंपन्यांच्या संघटनेनं सीटखालच्या फुकट बॅगेचं किमान माप 40 बाय 30 बाय 15 असं एकच मान्य केलं. त्यातून कंपन्या सुधारल्या असं मी म्हणत नाही, कोर्टकचेऱ्या अजून चालूच आहेत, पण माप एक होऊ शकतं एवढं तर दिसलं.

आणि गंमत बघा, 2015 मध्ये जगातल्या विमान कंपन्यांच्या आयाटा ह्या संघटनेनं केबिन बॅगेचं एकच माप सुचवलं होतं, ते होतं 55 बाय 35 बाय 20. मी टेप लावून दोन कंपन्यांत बसणारं जे माप काढलं तेच. पण लोक भडकले, आमच्या चांगल्या बॅगा फेकून द्यायच्या का म्हणून, आणि काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. त्यामुळं माझी विनंती अशी नाही की माप कमी करा. उलटं करा. 55 लांब, 40 रुंद, 25 जाड ह्यात जे बसेल ते सगळ्यांनी घ्यायचं असं ठरवा, म्हणजे कुणाचीच आत्ताची बॅग बाद होणार नाही. जागेचं कारण कंपन्या सांगतील, तर जागा वजनानं आणि बॅगांच्या संख्येनं आवरा, 5 सेंटिमीटरवरून माणसाला दारात उभं करून नको. विमानतळांची सुरक्षा बघणारं बीसीएएस हे कार्यालय तुमच्याच मंत्रालयाखाली आहे, एका माणसाला एकच बॅग हा नियम त्यांनी लावलाच आहे, मापाचं परिपत्रक पण तेच काढू शकतात.

दुसरं, साचा आणि काटा विमानतळाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, आत शिरायच्या आधी. विमानात बसायच्या दारात, विमान सुटायला थोडा वेळ असताना माप घेतलं की माणसाकडं पैसे भरण्याशिवाय मार्गच राहत नाही. बाहेर कळलं तर तो सोडायला आलेल्या भावाकडं दोन किलो परत देऊ शकतो. आणि त्या काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का कुठल्या तारखेचा आहे ते दिसू द्या. मार्केट यार्डात हळदीचा काटा वर्षाला तपासून घ्यावा लागतो, व्यापाऱ्यानं नाही घेतला तर दंड होतो. ज्या काट्यावर प्रवाशाकडनं किलोमागं पैसे घेतले जातात त्याचा शिक्का पण प्रवाशाला वाचता आला पाहिजे.

तिसरं काम तुमच्या खात्याचं नाही, पण ग्राहक व्यवहार खात्याला एक पत्र तुम्ही टाकू शकता. पॅकबंद मालाचे 2011 चे नियम आहेत, जिथं माप महत्त्वाचं तिथं ते लिहायचं असतं. मग "केबिन" हा शब्द ज्या बॅगेवर छापलाय तिच्यावर भरलेल्या अवस्थेतलं, चाकं दांडी कप्पे धरून माप आणि रिकामं वजन ठळक छापायची सक्ती करा. लिटर लिहायचे असतील तर खाली लिहा. आमच्यासारख्या दुकानदारांची ह्यात काही हरकत असणार नाही, मी हरभट रोडवरच्या चारपाच जणांशी बोललोय, सगळे म्हणतात परत आलेल्या बॅगांची कटकट तरी कमी होईल.

सांगलीकडं येणं झालं तर दुकानात या साहेब, टेप आणि काटा दोन्ही काउंटरवरच असतात, तुमची स्वतःची सॅक पण मोजून देतो.

आपला,
सांगलीचा एक बॅगवाला

ता.क. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही, तेलामुळं पेट घेऊ शकते म्हणून ती धोकादायक मालात मोडते, हे आमच्याकडच्या कितीतरी बायकांना सुरक्षा तपासणीतच कळतं आणि खोबरं तिथंच राहतं. कोल्हापूरच्या विमानतळावर बाहेरच्या बाजूला मराठीत एक मोठा बोर्ड लावता आला तर बघा.