मेस्त्री, त्या जून महिन्याबद्दल

मेस्त्री, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. तिला सांगितलंय, घाई करू नकोस, मधे चहा झाला तरी चालेल. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. पण लिहायचं ते सगळ्यांना दिसेल असंच, हे मी ठरवून टाकलं होतं. ज्या गोष्टीचे आभार मानायचे आहेत ती तुम्ही चारचौघांत केलीत, आणि मी तेव्हा त्याच चारचौघांत गप्प उभी होते.

२००९ साली मी कुडाळात एक खोली भाड्याने घेऊन वास्तुविशारद म्हणून पाटी लावली. डोक्यात केरळात पाहिलेली वास्तुविशारद लॉरी बेकर यांची घरं होती. स्थानिक माल, कमी खर्च, गवंड्यांच्या बरोबरीने जागेवर उभं राहून केलेलं काम. कोकणात आपणही तसंच करायचं, अशी जिद्द होती. तुम्हाला पहिला नकाशा दाखवला तो दिवस आठवतो? तुम्ही विडी विझवलीत, कागद उलटसुलट केलात आणि विचारलंत, "बाय, ह्या कागदार पाऊस खंय आसा?" मला वाटलं, नकाशा वाचता येत नसावा. उत्तर दिशेचा बाण बोटाने दाखवून मी तुम्हाला समजावायला लागले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत.

आज आमच्या प्रत्येक नकाशावर दोन बाण असतात. एक उत्तरेचा. दुसरा नैर्ऋत्येकडून घरावर येणाऱ्या पावसाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, जिथे भिंतींवर तिरपा मारा करतो, तिथे हा बाण आधी काढावा लागतो. नवीन मुलं ऑफिसात आली की विचारतात, हे कुठल्या पुस्तकात आहे.

आता त्या जून महिन्याबद्दल.

२०११ सालचं मालवणजवळचं ते घर. मला कौलारू छपराचे दोन उतार बाहेर नव्हे, आत हवे होते. मधोमध पन्हळ, बाहेरून सरळ भिंत, छप्पर दिसायलाच नको. तुम्ही जोत्यावर उभं राहून म्हणालात, "बाय, हंय पाणी थांबतला." मी पन्हळीच्या मापाचा हिशेब काढून दाखवला. हिशेब बरोबरच होता. त्यात पाऊस धरला होता, पण परड्यातल्या फणसाची पानं धरली नव्हती. तुम्ही पुन्हा एकदा सांगितलंत. मी म्हटलं, मेस्त्री, नकाशाप्रमाणे करा. तुम्ही केलंत, आणि ते इतकं नीट केलंत की कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

पाऊस लागून दहा दिवस झाले असतील. रात्री पन्हळ पानांनी तुंबली आणि पाणी थेट माजघरात उतरलं. घरात बाळंतीण होती. तिला आणि बाळाला शेजारच्या घरी हलवावं लागलं. सकाळी मी पोचले तेव्हा अर्धी वाडी खळ्यात जमली होती. घरमालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी ठरवलं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात. "चूक माजी आसा. उतार माज्या हातसून चुकलो."

उतार तुमच्या हातून चुकला नव्हता. तुमच्या हातून कधी सूतभरही काही चुकलेलं मी पाहिलेलं नाही. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही. दोन वर्षांची माझी पाटी, बँकेचं कर्ज, गावात नाव खराब होण्याची भीती, हे सगळं घशात अडकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे माझ्यावर उपकार केल्याचंही दाखवलं नाहीत. सरळ शिडी लावून वर चढलात.

भर पावसात बांबू आणि ताडपत्री बांधून तुम्ही ते घर चार महिने कोरडं ठेवलंत. दिवाळीनंतर पन्हळ काढून टाकून, मधे आढं घेऊन, दोन्ही उतार बाहेर काढलेत. साध्या कोकणी घरासारखे. बाकी माणसांची मजुरी घेतलीत. हजेरीच्या वहीत तुमच्या नावापुढचे रकाने तुम्ही स्वतः रिकामे ठेवायला लावलेत. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

२०१३ मध्ये मी त्या घरमालकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मेस्त्रींना मी तीस वर्षं ओळखतो, मला तेव्हाच कळलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनीच आपल्याला वाडीतल्या अंगणवाडीच्या कामाला बोलावलं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

लोक विचारतात, फर्म कशी वाढली. एका खोलीतून आज चौदा माणसं, तीन तालुक्यांत कामं, आणि तरी मुंबईला ऑफिस का काढलं नाही. मी त्यांना नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट दाखवते. वास्तुविशारदाच्या सहीशेजारी गवंडी आणि सुतार यांच्या सहीची चौकट. ती भरल्याशिवाय कागद ऑफिसबाहेर जात नाही. ही चौकट त्या जून महिन्यातून आली. तिच्यामुळे आमची कामं उशिरा सुरू होतात, पण सुरू झालेलं फोडावं लागत नाही. गावात हे बोललं जातं, आणि गावातलं काम बोलण्यावरच येतं.

मग न्याहारी-निवासाचे दिवस आले. तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जो तो पर्यटकांसाठी खोल्या काढू लागला. बऱ्याच जणांना जुनं घर पाडून स्लॅब हवा होता, आणि स्लॅब गळतो म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड. तुम्ही माझ्याबरोबर एकेका घरी आलात. पडवीत बसून, भिंतीवर हात फिरवून, घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचात, "ह्यो चिरो खंयच्या खाणीचो?" तिथून गप्पा सुरू व्हायच्या, आणि तासाभराने घर पाडायचा विषय मागे पडलेला असायचा.

चिऱ्याचं, म्हणजे आपल्या जांभ्या दगडाचं, तर तुमच्याकडूनच शिकले. कॉलेजात मला एवढंच ठाऊक होतं की १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात पाहिलेल्या या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट नाव दिलं. खाणीतून निघताना तो मऊ असतो, वाऱ्याउन्हात ठेवल्यावर टणक होतो, म्हणून ताजा चिरा भिंतीत घालायचा नाही, हे तुम्ही दाखवलंत. पांढरट मऊ मातीचे डोळे असलेला चिरा बाजूला काढायचा, तो गडग्याला चालेल, जोत्याला नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच राहते, हे पटवायला तुम्ही एका घराचा गिलावा ठोकून पाडलात. आतून मातीच गळायला लागली. त्यानंतर शिंपल्यांचा चुना मुरवायचा हौद आम्ही ऑफिसच्या मागे बांधला.

आणि तौक्ते चक्रीवादळ. १६ मे २०२१. टाळेबंदी, त्यात वीज नाही, रस्त्यावर आडवे पडलेले माड. तुम्ही तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही तोंडाला पंचा बांधून माझ्या दारात उभे. पुढचा पाऊस यायच्या आत जेवढी होतील तेवढी छपरं बघायची, एवढंच म्हणालात. आपण घरोघर फिरलो. सगळीकडे तेच दिसत होतं: आधी कडेची कौलं उडाली, मग आढ्यावरची, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग जोडलेलं होतं तिथे वाऱ्याने पडवीखाली शिरून दोन्ही एकदम उचललं. तुम्ही जमिनीवर खडूने आखून पोरांना समजावलंत, पडवी वेगळी ठेवा, गेली तर एकटी जाईल. कडेची कौलं तारेने बांधा. वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीशी जखडा. आमच्या इंजिनिअरने नंतर हेच सगळं आकडेमोडीने तपासलं आणि आता ते आमच्या प्रत्येक घरात असतं. त्या महिन्यात कोणाकडूनही फी घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं, तेव्हा ऑफिसच्या खात्यात दोन महिन्यांचे पगार होते. तरी एकाही मुलाने कुरकुर केली नाही. तुम्ही डबा उघडून त्यांच्यात बसत होता, कोण कुरकुर करणार?

तुमचा मुलगा मुंबईला गेला, हातातली कला पुढे कोण घेणार, ही तुमची खंत मला माहीत आहे. ऑफिसात आता सहा पोरं पगारावर शिकताहेत, त्यातल्या दोन मुली. त्यातली एक चिरा तासताना अगदी तुमच्यासारखी मान तिरकी करते. तिने तुम्हाला जेमतेम चार वेळा पाहिलंय.

तुमच्या आभारासाठी शाल-श्रीफळ आणायचं मुलांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. तुम्ही ती शाल दुसऱ्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकाल. त्या दिवशी खळ्यात जे बोलायला हवं होतं तेच लिहिते: चूक माझी होती, मेस्त्री. तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. तुम्ही ती स्वतःच्या अंगावर घेतलीत म्हणून मला पुढची कामं मिळाली, आणि ती कशी करायची तेही कळलं. मी तुमची आभारी आहे.

वाचनालयाचा नकाशा तयार आहे. तुमचा गुडघा अजून दुखतो हे वहिनींनी सांगितलं, म्हणून जागेवर खुर्ची ठेवली आहे, फणसाच्या सावलीत. त्याची पानं या वेळी हिशेबात धरली आहेत. सहीची चौकट रिकामी आहे. सोमवारी आठ वाजता गाडी पाठवते.

तुमची,
बाय