नाली संपते तिथे महानगरही संपते का? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

नागपूर, सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
(खात्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. महानगर प्रदेश हा विषय नेमका कोणत्या खात्याचा, हे गेल्या तीन वर्षांत मला एकाही कार्यालयाने सांगितलेले नाही.)

सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी एका शासकीय कार्यालयाचे पत्र मला मिळाले. पत्र चार ओळींचे असून त्यांतल्या तीन ओळी संदर्भ क्रमांकांच्या आहेत. चौथ्या ओळीत, सदर नालीचे काम या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असे कळवले आहे. गेल्या डिसेंबरात, १६ ते २१ तारखांच्या हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात होतात, तेव्हा लघुउद्योजकांच्या एका बैठकीत हाच अर्ज मी आपल्या हातात दिला होता. आपण तो उभ्याउभ्याच वाचलात, पावसाळ्याच्या आत काम झालेले दिसेल असे सर्वांसमोर म्हणालात आणि कागद स्वीय सहायकांकडे दिलात. त्यावर मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पावसाळा आला आणि आता सरत आला आहे. काम दिसले नाही, अर्ज मात्र निकाली निघाला.

कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिले की खिडकीवरच्या कारकुनाला नोटीस जाते आणि वर बसलेल्यांचे काहीच बिघडत नाही.

वर्धा मार्गाच्या आतल्या बाजूला, शहराची हद्द संपल्यावर जेमतेम दोनशे पावलांवर, एका ग्रामपंचायतीच्या शिवारात माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. अकृषक परवानगी घेतलेला भूखंड, ११ कामगार, पत्रा कापायचे एक शेअरिंग मशीन, तो वाकवायचा एक प्रेस ब्रेक आणि चार वेल्डिंग सेट, एवढाच पसारा. विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स आम्ही जॉबवर्कवर करून देतो. शहराच्या बाजूने सिमेंटची एक नाली येते. चांगली रुंद, माणूस आत उभा राहील एवढी खोल. हद्दीपाशी ती संपते. तिला पुढे नाला नाही, ओढा नाही, साधा चरही नाही. कापलेल्या काँक्रीटमधून गंजलेल्या सळया बाहेर आलेल्या आहेत, आणि रात्री कोणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून आमच्याच चौकीदाराने त्यांना लाल फडके बांधले आहे. फडक्यापासून पुढे माझ्या कुंपणाची भिंत सुरू होते.

८ जुलैच्या रात्री पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चौकीदाराचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होते. प्रेस ब्रेकची मोटर पाण्याखाली होती, चारही वेल्डिंग सेट बुडाले होते आणि आदल्याच दिवशी उतरवलेला सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा गठ्ठा गढूळ पाण्यात बसला होता. आपल्याला कदाचित कल्पना नसेल, म्हणून सांगतो : सीआर पत्रा एक रात्र पाण्यात राहिला की त्यावर तांबूस डाग उठतात, आणि असा डागाळलेला पत्रा पावडर कोटिंगवाला दारातूनच परत पाठवतो. आम्ही दोन दिवस पॉलिश पेपरने तो घासत बसलो होतो. आमचे सर्वांत जुने वेल्डर पाण्यात उभे राहून म्हणाले, ‘‘साहेब, पाण्याले हद्द कुठं दिसते जी?’’ महानगर नियोजनावर मी आजवर ऐकलेल्या सगळ्या भाषणांत एवढे नेमके वाक्य मला भेटलेले नाही.

मोटरच्या रिवाइंडिंगपासून हातची गेलेल्या ऑर्डरपर्यंत सगळे धरले, तर माझ्या हिशेबाने साडेचार लाखांचे नुकसान झाले. वह्या ठेवणारी माझी पत्नी सहा लाख सांगते, कारण माझी रक्तदाबाची नवी गोळी आणि कामगारांना यंदा देता न येणारा दिवाळीचा बोनस ती त्यात धरते. तिचाच आकडा बरोबर असावा. विमा सर्वेक्षकाने मात्र हे पुराचे पाणी की तुंबलेल्या नालीचे पाणी, या प्रश्नावर दीड महिना घालवला आणि अजून त्यांचे उत्तर आलेले नाही. या दीड महिन्यात दोन पोरे काम सोडून गेली. एक पुण्याला गेला. जाताना पाया पडला, म्हणून त्याच्यावर रागावताही आले नाही.

खरे तर पत्र इथेच संपवून नाली पुढे न्या एवढीच विनंती करायची होती. परंतु ज्या आठवड्यांत मी चार कार्यालयांच्या खिडक्यांवर चकरा मारत होतो, त्याच आठवड्यांत महानगरे ही देशाच्या विकासाची इंजिने आहेत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की आता गप्प राहवत नाही. इंजिनात पाणी शिरले आहे, महोदय, आणि ते कोणाच्या अखत्यारीत येते हे ठरायचे आहे.

२०२३ मध्ये नीती आयोगाने देशातील चार शहरी प्रदेश आर्थिक आराखड्यासाठी निवडले : मुंबई, सुरत, वाराणसी आणि विशाखापट्टणम. मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची, असे ठरले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शहरांना ‘ग्रोथ हब’ म्हटले गेले. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटी रुपयांचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. त्यातून प्रकल्पखर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळेल, पण किमान निम्मा खर्च कर्जरोखे, बँकेचे कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा करावा लागेल, अशी अट आहे. अट वाईट नाही. प्रश्न इतकाच, की हे कर्ज आमच्या बाजूने उचलणार कोण? शहराची हद्द संपते तिथपासून पुढच्या दोनशे पावलांसाठी कर्जरोखे काढण्याची पत आमच्या ग्रामपंचायतीची आहे का? तिच्याकडे नालीतला गाळ काढायला दोन माणसे नाहीत.

महानगर प्रदेश म्हणजे काय, हे समजून घ्यायला समितीची गरज नाही; माझा एक बॉक्स पाहिला तरी पुरे. पत्रा लकडगंजमधून येतो, कापणी आणि जोडणी माझ्याकडे होते, पावडर कोटिंग हिंगण्याला होते आणि माल उतरतो बुटीबोरीत. काम करणारा एक जण कामठीहून येतो, दुसरा वाडीहून. पाच फूट उंचीचा हा लोखंडी डबा तयार होईपर्यंत महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि औद्योगिक वसाहत, असे सगळे राज्यकर्ते ओलांडून जातो. अर्थव्यवस्था एक आहे आणि कारभाराच्या चिंध्या झालेल्या आहेत. जकातीच्या काळात वाडीला हद्दीबाहेर गोदामांची रांग कशी लागली, हे नागपूरचा कोणताही ट्रान्सपोर्टवाला सांगेल. धंदा हद्द ओळखतो तो कर वाचवण्यापुरता. पाणी तेवढ्यापुरतीही ओळखत नाही.

मुंबईसाठी महानगर प्रदेश प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले, नागपूरसाठी २०१७ मध्ये. मधली ४२ वर्षे आम्ही बहुधा महानगर नव्हतो, किंवा असलो तरी मुंबईहून दिसत नव्हतो. आता सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश नकाशावर रंगवलेला आहे. पण त्या रंगाला मते देणारा माणूस जोडलेला नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, अनुच्छेद २४३ झेडई मध्ये, १० लाखांवरील लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवकांमधून व पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडले जावेत, असे लिहिले. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. आमच्या शहरात तर नगरसेवकच उरलेले नाहीत : महापालिकेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि साडेतीन वर्षे प्रशासक कारभार पाहत आहेत. म्हणजे नालीच्या एका टोकाला प्रशासक, दुसऱ्या टोकाला हतबल सरपंच आणि मधे मी. मत मागायला येणारा कोणी नसल्यामुळे तक्रार ऐकायलाही कोणी येत नाही.

पैशाचेही तसेच. जकात गेली, एप्रिल २०१३ मध्ये एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. मी जीएसटी दरमहा भरतो. एकदा दोन दिवस उशीर झाला तर विलंब शुल्काचा आकडा पोर्टलवर आपोआप उमटला. सरकारची एवढी तत्परता मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेली नाही. तो पैसा दिल्लीला आणि मुंबईला जातो, आणि परत येतो तो कोणाची तरी योजना म्हणून, कोणाचा तरी फोटो घेऊन. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील शहरांसाठी २०२१ ते २०२६ या काळात ३८,१९६ कोटी रुपये राखले, तेही हवा, पाणी आणि स्वच्छतेच्या अटींनी बांधून. ज्या शहरांना देशाची अर्थव्यवस्था ओढायला सांगता, त्यांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा कर मालमत्ता कराखेरीज फारसा ठेवलेला नाही. बैलाला जू लावायचे, वैरण मात्र मालकाच्या कोठीत.

याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिंगणा तालुक्यातील गोधनी (रिठी) आणि लाडगाव येथे सुमारे ६९२ हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ उभारण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिल्याचे वाचले. आंतरराष्ट्रीय व्यवसाय व वित्त केंद्र होणार आहे. अवश्य व्हावे, आम्ही विरोधक नाही. मेट्रो आली तेव्हा आम्ही आनंदाने बसलो आणि समृद्धी महामार्गाने मी स्वतः माल पाठवला आहे. पण जुन्या नागपूरची नाली जिथे अर्धवट सोडली, तिथून दिसणारे नवीन नागपूर मला आतापासूनच ओळखीचे वाटते. मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाचीही अशीच चित्रे पाहत आमची एक पिढी पन्नाशीला आली.

विदर्भ संयुक्त महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर कराराला येत्या २८ सप्टेंबरला ७२ वर्षे होतील. करारात दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले होते, ते आपण सहा दिवसांत उरकता. घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदाखालच्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तेव्हापासून आम्ही वाट पाहतो आहोत. राष्ट्रीय आर्थिक धोरणात आमचा वाटा किती, हे विचारणारे मंडळही नाही, सभागृहही नाही, समितीचा पत्ता कोणी देत नाही. मग उरते ते उद्योजकांच्या बैठकीत उभ्याउभ्याने दिलेले आश्वासन.

विनंत्या दोनच. पहिली, वरील नाली जवळच्या नैसर्गिक ओढ्यापर्यंत नेण्याचे काम कोणत्या यंत्रणेचे, हे एका ओळीत, सहीसह कळवावे. दुसरी, नागपूर महानगर नियोजन समितीच्या शेवटच्या बैठकीची तारीख आणि इतिवृत्त जाहीर करावे. पाहणीला येणार असाल तर लाल फडके ही खूण आहे.

या पत्राच्या प्रती मी चारही कार्यालयांत दिल्या आहेत. तीन ठिकाणी आवक शिक्का मिळाला. चौथ्या ठिकाणी शिक्क्याची शाई संपली होती. सोमवारी पुन्हा बोलावले आहे.

आपला,
एक लघुउद्योजक