‘नेव्ह’ म्हणजे गुंड नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील एका अनुवादित कथेत ‘नेव्ह’ (knave) या जुन्या इंग्रजी शब्दासाठी सर्वत्र ‘गुंड’ हा प्रतिशब्द योजलेला वाचला आणि तो खटकला. गुंड दमदाटी करतो, हात उगारतो. नेव्हला त्याची गरजच पडत नाही. तो हिशेबात खोट करतो, खोटी साक्ष देतो, केसाने गळा कापतो. तर्कशास्त्राच्या कोड्यांत सदैव खरे बोलणारा तो ‘नाइट’ (knight, म्हणजे सरदार) आणि सदैव खोटे बोलणारा तो ‘नेव्ह’ अशी जोडी असते, तीही याच अर्थाला धरून. त्याला ‘लबाड’, ‘लुच्चा’ किंवा थोडे जुने वळण हवे असल्यास ‘सोदा’ म्हणता आले असते.

मात्र हा शब्द जन्मतः शिवी नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘मुलगा’ असा होता आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नाबे’ आजही त्याच अर्थाने नांदतो आहे. (शाळेत असताना मी हा शब्द ‘क्नेव्ह’ असा वाचून हसे करून घेतले होते; तो ‘क’ एके काळी खरोखरच उच्चारला जात होता, हे कळेपर्यंत बरीच वर्षे गेली.) मुलगा, मग हरकाम्या पोरगा, मग चाकर, आणि चाकर म्हटला की तो लबाडच असणार, या मालकवर्गाच्या ग्रहातून शेवटी ठक, अशी ही घसरण आहे. आपला ‘पोऱ्या’ यातल्या दुसऱ्या पायरीवरच थांबला, हे त्याचे नशीब. ‘व्हिलन’ची कथाही निराळी नाही, तो मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात. राजाचा एकनिष्ठ सरदार केंट आपल्या प्रतिपक्षाला शिव्यांची लाखोली वाहताना प्रथम ‘नेव्ह’च म्हणतो, आणि त्याच नाटकात म्हातारा राजा आपल्या विदूषकाला मायेने हाक मारतो तीही याच शब्दाने. तेथे ‘लुच्चा’ही चालणार नाही, मग ‘गुंड’ कोठून चालावा?

पत्त्यांत तर मराठीने आपसूकच नेमका शब्द धरला आहे. ज्याला आपण गुलाम म्हणतो, तो इंग्रजीत पूर्वी नेव्ह होता, म्हणजे राजाराणीचा सेवक. ‘जॅक’ म्हणणे तेव्हा गावंढळपणाचे मानले जाई. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1860-61) या कादंबरीत एस्टेला ही मुलगी कथानायक पिपला त्यावरूनच हिणवते. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यात आद्याक्षरे छापली जाऊ लागली, तेव्हा किंग आणि नेव्ह या दोघांचेही स्पेलिंग ‘के’पासून सुरू होत असल्याने गोंधळ होऊ लागला आणि हिणवला गेलेला जॅकच सर्वमान्य झाला.

आजच्या इंग्रजीत हा शब्द थट्टेने किंवा मुद्दाम जुना बाज आणण्यासाठीच वापरतात. कोणत्याही बातमीत आरोपीला कोणी नेव्ह म्हणणार नाही. म्हणून अनुवादातही त्याला किंचित जुनेपण हवे, आणि बोलणारा कोण व कोणाशी बोलतो आहे, हे पाहूनच प्रतिशब्द निवडायला हवा. प्रस्तुत कथेत वृद्ध सरदार दिवा घेऊन येणाऱ्या, पेंगुळलेल्या लहानग्या नोकराला जवळ बोलावतो, तेथेही ‘ये, गुंडा’ असे छापले आहे. त्या जागी ‘ये रे पोरा’ एवढेच पुरले असते.

आपला,
एक नियमित वाचक