पश्याला पत्र: एमएस्सी की खराडी?

कर्वेनगर, पुणे
रविवार दुपार

प्रिय पश्या,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री कॅबमध्ये वाचला. फोनवर बोलायला लागलो की तू 'बाबा काय म्हणतात' यावर जातोस, मी पगारावर घसरतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहूनच टाकतोय. लांबेल, चहा घेऊन बस.

तुझ्या हातात दोन कागद आहेत: गोखले इन्स्टिट्यूटचा एमएस्सी इकॉनॉमिक्सचा प्रवेश आणि खराडीतल्या बँकेचं फंड अकाउंटिंगचं ऑफर लेटर. त्यात मामांनी तिसरंच पिल्लू सोडलंय, की हे दोन्ही राहू दे, वर्षभर क्लास लावून कॅट दे आणि एमबीए कर. मामांचं आधी निकालात काढू. एमबीए आत्ता नको. कॅट दर नोव्हेंबरला होते, ती कुठे पळून जात नाही. आणि एमबीएला जाणाऱ्याच्या गाठीला दोन-तीन वर्षांची नोकरी असली तर त्याला इंटरव्ह्यूतही बोलायला काहीतरी असतं आणि वर्गातही. शिवाय कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. तुमच्याकडे तारण म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. मामा शेत देणार आहेत का?

आता खराडी. मी तिथेच असतो म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण ऑफर लेटरवर 'अॅनालिस्ट' लिहिलेलं असतं आणि कराडला बसून त्यातून काही कळत नाही. आमचं काम म्हणजे परदेशातल्या फंडांची रोजची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, काढायची. परवाच एका फंडाची एनएव्ही ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खाली गेली आणि स्क्रीनवर लाल झाली. बाजार तर जागच्या जागी होता. शोधत शोधत एका शेअरपाशी आलो. त्याची एक्स-डेट होती (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला डिव्हिडंड मिळत नाही), डिव्हिडंडएवढी किंमत पडली होती, पण तो डिव्हिडंड येणं म्हणून आमच्या पुस्तकात चढलाच नव्हता. म्हणजे पडलेली किंमत दिसत होती, येणारे पैसे दिसत नव्हते. नोंद टाकली, लाल गेलं, टीम लीडने तपासून आकडा पुढे पाठवला. बीकॉमच्या तीन वर्षांत 'अॅक्रुअल' (पैसे हातात येण्याआधीच त्यांची नोंद करणं) जेवढं कळलं नव्हतं, तेवढं मला या असल्या ब्रेक्समधून, म्हणजे न जुळणाऱ्या आकड्यांतून, कळलं. तेव्हा 'बॅक ऑफिस म्हणजे कारकुनी' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस.

पण वर्षभरात हात बसतो. मग पुढे तोच पिक्चर, फक्त फंड वेगळा. त्या कंपनीने डिव्हिडंड वाढवला का, कमी केला का, त्याचा अर्थ काय, हे विचारायचं काम आमच्या मजल्यावर नसतं. ते विचारणारे लोक दुसऱ्या देशात बसतात आणि आम्ही त्यांना ईमेल पाठवतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू सहाव्या महिन्यात 'का' विचारायला लागशील आणि लीड म्हणेल, 'आधी साइन-ऑफ दे.'

नोकरी करता करता सीएफए, ती गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा, करीन म्हणतोस. करता येतं, आमच्यात करणारे आहेत. पण एकेका लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास लागतो, असं परीक्षा घेणारी संस्थाच सांगते, आणि लेव्हल तीन आहेत. दुपारची शिफ्ट करून कॅब रात्री नगर रोडवरून सगळ्यांना सोडत सोडत कर्वेनगरला येते, तेव्हा उरतात त्या सकाळी. त्यावर पुन्हा चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, मिळायला कमीत कमी ३६ महिन्यांत ४,००० तासांचा अनुभव लागतो, तोही गुंतवणुकीच्या निर्णयाशी संबंध असलेल्या कामाचा. आमचं काम त्यात बसतं की नाही, यावर कँटीनमध्ये कायम वाद चालू असतो.

माझं खरं म्हणणं एवढंच आहे की हे दोन रस्ते उलटसुलट कुठल्याही क्रमाने घेतले तरी चालतात, असं नाही. नोकरी आधी आणि एमबीए नंतर केलं तर एमबीएचा फायदाच होतो. इकॉनॉमिक्सचं तसं नाही. आत्ता तुझं मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, रिग्रेशन ताजं आहे. तीन वर्षं एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावल्यावर इकॉनोमेट्रिक्सचा पेपर समोर आला तर पहिलं सत्र नुसतं गंज काढण्यात जाईल. आणि काही दारं अशी आहेत की अनुभव कितीही असो, त्या विषयातली पदव्युत्तर पदवी नसेल तर अर्जच घेत नाहीत: इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला इकॉनॉमिक्सची लागते, रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या भरतीतल्या संशोधन विभागाला इकॉनॉमिक्सची किंवा फायनान्सची. (साध्या ग्रेड बीला कुठलाही पदवीधर चालतो, फक्त टक्के हवेत. नुसती आरबीआयची नोकरी हवी असेल तर एमएस्सीची दोन वर्षं घालवायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो.)

आता पैसे. तू लिहिलंयस, 'एमएस्सी केली तर फी जाईल.' लेका, फी हा लहान आकडा आहे. हातात २८,००० येणार म्हणतोस, म्हणजे दोन वर्षांचे ६,७२,००० बुडाले, तो मोठा आकडा. त्यातून खोलीभाडं आणि मेस वजा करत बसू नकोस. राहायचं-जेवायचं दोन्हीकडे आहेच, नोकरीत ते तू भरणार आणि एमएस्सीत बाबा भरणार. बाबांपुढे हाच आकडा ठेव, फीचा नको. धाकटीचं इंजिनिअरिंगचं अॅडमिशन याच वर्षी आहे ना? तिचे हप्ते तुझ्या पगारातून जायचे असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि खराडी घे. मी गंमत करत नाही. तसं नसेल, बाबा दोन वर्षं ओढू शकत असतील, तर मी एमएस्सी म्हणतो.

का, ते तुझ्याच प्रोजेक्टमुळे. ओगलेवाडीकडच्या ऊसवाल्यांना विचारत फिरलास, की एफआरपी (उसाला सरकारने ठरवून दिलेला किमान दर) कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवी ती प्रत्यक्षात कधी मिळाली आणि सोसायटीचं पीककर्ज तोवर कशातून फिरवलं. मार्क तेवढेच मिळणार होते, तरी तू दुसऱ्यांदा गेलास, कारण दोन गावांचे आकडे जुळत नव्हते. आता ज्या संस्थेत तू जायचं की नाही म्हणतोयस, तिचे १९३० सालचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हेच करत होते. पुण्यात बसून सर्व्हे काढायचे आणि प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करायचे. पुढे १९६९ मध्ये राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, त्याचं गाडगीळ सूत्र त्यांच्याच नावाचं. तू गाडगीळ होशील असं म्हणत नाही, डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. पण तुझा ऊस तिथे कुणाला तरी ऐकायचा असेल. आमच्या मजल्यावर कुणालाच नाही.

एमएस्सीनंतर नोकरी लागेलच का, असं विचारलंयस. खात्री कोण देणार? पण क्रेडिट रेटिंग, बँकांचं रिस्क, रिसर्च इकडे अर्ज करताना तू आजच्यापेक्षा बरा उमेदवार असशील. आणि खराडीतली भरती दोन वर्षांनीही चालू असेल, फार तर एक-दोन बोर्ड बदललेले असतील.

गुरुवारी मला सुट्टी आहे. बुधवारी रात्रीच ये, स्वारगेटला घ्यायला येतो. आपण बीएमसीसी रोडला इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ, सेकंड इयरची दोन-चार मुलं गाठू आणि त्यांना विचारू, की गेल्या बॅचमधलं कोण कुठे लागलं आणि इंटर्नशिप स्वतः शोधावी लागते का. वेबसाइटवर लिहितात ते मला नको. तोवर एचआरला मेल टाकून जॉइनिंगची तारीख पंधरा दिवस पुढे मिळते का, ते बघ. आणि ऑफर लेटर नुसतं फोनमध्ये नको, प्रिंट काढून आण. त्यात बाँडचं एक कलम आहे म्हणालास ना, ते मला नीट वाचायचंय.

तुझा,
निल्या